बाबलीआजाची खिडकी

जरा डोळे मिटून बघा. तुम्ही एका खिडकीशी बसला आहात. समोर माडांची रांग, पलीकडे वाळू आणि वाळूच्या पुढे समुद्र. खिडकीची दोन्ही दारं सताड उघडी आहेत. वारा आधी तुमच्या डाव्या गालाला लागतो, मग कानामागे जातो. आता सांगा, वारा कुठून आला?

नाही ना सांगता येत? वेंगुर्ल्याच्या बाबली तांडेलाला यायचं. होडीवरच्या मंडळींचा जो म्होरक्या, तो तांडेल. चाळीस वर्षं समुद्रावर काढल्यावर बाबलीचे पाय अधू झाले आणि तो या खिडकीशी बसला. रोज होडी लोटण्याआधी त्याचा मुलगा रविकांत खिडकीखाली येऊन उभा राही. बाबली तोंड बाहेर काढी, एक गाल वाऱ्याला देई, मग दुसरा, आणि म्हणे, "जा." नाहीतर, "आज नको." वारा मोबाईलवरही कळतो, पण रविकांत मोबाईल बघूनसुद्धा खिडकीखाली येई.

खिडकी मात्र आता मोडकळीला आली होती. चौकट कुजलेली, बिजागऱ्या गंजलेल्या. पावसाआधी घराच्या चारही खिडक्या बदलायचं ठरलं, आणि रविकांत कणकवलीच्या दुकानातून ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीचा एक छोटा नमुना घेऊन आला.

"वाळवी नाय, रंग नाय, तेल नाय," तो म्हणाला. "एकदा बसवली की सुटलंव!"

"आणि काच पुसतलो कोण? तू?" त्याची बायको सत्यवती माशांची पाटी उतरवता उतरवता म्हणाली.

त्यांची मुलगी सृष्टी पाचवीत होती. तिने नमुन्याची काच डावीकडे सरकवली, तर डावी बाजू बंद. उजवीकडे सरकवली, तर उजवी बंद.

"पप्पा, ही अर्धीच उघडता."

"मगे? आजाक काय खिडकेतसून उडी मारूची आसा?"

बाबली हसला. "माझां काय गो, अर्धी तर अर्धी."

पण त्याचा हात जुन्या चौकटीवरून हलला नाही. सृष्टीने ते पाहिलं. अर्ध्या खिडकीत एका बाजूला कायम काच, म्हणजे वारा आजाच्या एकाच गालाला लागणार. मग तो वारा ओळखणार कसा?

"आजाची तेवढी लाकडाची करूया," ती म्हणाली. "महादू सुतार फणसाची करून देतलो."

"आणि दरवर्साक तेल कोण लावतलो? मी समुद्रार, तुझी आवस बाजारात. हीच बघ ना." रविकांतने जुन्या चौकटीत नख रुतवलं, तर भुसा खाली पडला. बाबलीचे पाय गेल्यापासून तिला कुणी तेलाचं बोटही लावलं नव्हतं.

 दुसऱ्या दिवशी सृष्टीने महादूकडून फणसाचा एक तुकडा मागून आणला. त्याला होडीला लावतात ते माशाचं तेल चोळलं. मग तो तुकडा आणि दुकानातला नमुना, दोन्ही होडी बांधायच्या खुंटाला बांधून टाकले. भरतीला ते भिजायचे, ओहोटीला वाळायचे.

पंधरा दिवसांनी तिने दोन्ही सोडवून वडिलांसमोर ठेवले. लाकूड होतं तसंच होतं, वास तेवढा मारत होतं. ॲल्युमिनियमच्या नमुन्यातले लोखंडी स्क्रू मात्र गंजून तांबडेलाल झाले होते, आणि ज्या ज्या भोकात स्क्रू होता, त्याच्याभोवती पांढरी भुकटी धरली होती.

बाबलीने नमुना हातात घेऊन फिरवला. "रवी, होडयेक कधी लोखंडाचो खिळो मारलंस?"

"नाय. तांब्याचोच मारतंय."

"मगे घराक लोखंड कित्याक?"

रविकांत डोकं खाजवत राहिला. घर जमिनीवर उभं, म्हणून खिळ्यांकडे बघायचं त्याला सुचलंच नव्हतं. त्याने दुकानदाराला फोन लावला.

"किनाऱ्यावर घर आहे होय? मग स्टेनलेस स्टीलचेच स्क्रू घालायला हवेत," दुकानदार म्हणाला. "दारासारखी उघडणारी खिडकीही देऊ, पण तुमच्याकडच्या वाऱ्यात काचेचं दार आपटलं तर फुटेल हो."

रविकांतने फोन ठेवला. तीन खिडक्या ॲल्युमिनियमच्याच, पण स्टीलच्या स्क्रूंच्या करायचं ठरलं. चौथीसाठी तो सृष्टीकडे वळला.

"तेल?"

"मी लावतलंय."

"आज म्हणतंस. पुढच्या वर्साक इसरतलंस."

"इसरूचंय नाय."

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग बापाच्या त्या चौकटीवरच्या हाताकडे पाहिलं, आणि महादूला हाक मारली.

पावसाआधी फणसाची पिवळीधमक खिडकी बसली, पितळी बिजागऱ्यांची. नारळी पौर्णिमा झाली, होड्या पुन्हा लोटायच्या दिवसांत बाबलीने दोन्ही गाल वाऱ्याला दिले आणि म्हणाला, "जा."

मग वर्ष गेलं. पुन्हा मे महिना आला. खिडकीचा पिवळा रंग फिका पडला होता. रविकांतने मुद्दामच तेलाची आठवण करून दिली नाही. सत्यवती बोलायला गेली, तर त्याने तिला डोळ्यांनीच गप्प केलं.  शाळेला सुट्टी होती, आणि शेजारची नम्रता पोहायला बोलवत अंगणातून ओरडत होती, "सृष्टी, पोवाक येतंस मा गो?"

"तू हो फुडे!" सृष्टीने आतून सांगितलं. तिने करवंटीत तेल ओतलं, जुन्या लुगड्याची चिंधी घेतली, आणि खिडकीशी येऊन म्हणाली, "आजा, जरा मागे सर. आणि नाक धर."