काटा मावशी

स्पर्धेच्या जगात तिला सगळे काटा मावशी म्हणत. तोंडावर नाही, पण म्हणत. कारण तिने तयार केलेली पोर वजनकाट्यावर कधी चुकली नव्हती. बाकीचे कोच शेवटच्या आठवड्यात डोकं धरून बसायचे, आणि ही बाई आपली कमरेवर हात ठेवून उभी! ज्या वजनगटात पोर उतरवायची म्हणाली, त्या गटात ती उतरणारच. शरीरसौष्ठवाच्या धंद्यात एवढं जमलं की कोचचं नाव होतं, आणि तिचं झालं होतं.

स्वतः खेळायची तेव्हा मात्र पदरात काही पडलं नाही. मागच्या रांगेत उभं राहायचं, दुसरीसाठी टाळ्या वाजवायच्या आणि घरी यायचं. मग गुडघा गेला, खेळ सुटला. "माझं राहिलं ते पोरींनी करावं," असं ती सांगायची. ते खोटं नव्हतं. पण पोरगी काट्यावरून उतरली की सगळे कोच हिच्याकडे वळून बघायचे, ते तिला पदकापेक्षाही गोड लागायचं. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

यंदा तिची खेळाडू म्हणजे सख्ख्या बहिणीची लेक. लहानपणी गुटगुटीत होती म्हणून मावशीनेच तिचं नाव ढब्बू ठेवलं होतं. आता दंडावर शिरा तटतटल्या तरी मावशीच्या तोंडी ढब्बूच! या दोघी स्पर्धेला निघताना बहिणीने बजावलं होतं, "एकुलती एक आहे गं माझी. तुझ्या भरवशावर सोडतेय."

"अगं, माझ्यापेक्षा तिला जास्त कोण जपणार?" मावशी म्हणाली होती.

वजनाच्या दिवशी सकाळी, कपडे बदलायच्या खोलीत ढब्बू काट्यावर चढली. किंचित जास्त भरलं. अगदी किंचित. आदल्या दिवसापासून पोरीने पाण्याला तोंड लावलं नव्हतं. मावशीने तिला प्लास्टिकचं जाकीट चढवलं, वरून दोन स्वेटर, कानटोपी, आणि शेजारच्या तापवलेल्या लाकडी खोलीत नेऊन बसवलं.

"एवढा घाम काढ, की सुटलीस," ती म्हणाली. "मग हवं तेवढं पाणी ढोस."

थोड्या वेळाने तिने ढब्बूच्या कॉलरमधून पाठीवर हात घातला. पाठ तापलेली, पण कोरडी ठणठणीत. या धंद्यात 'कोरडी' म्हणजे शाबासकी. अंगातलं पाणी उतरलं की कातडीखालचा स्नायू न् स्नायू दिसतो. वर्षानुवर्षं हेच शिकवलेली बाई, तिला आनंदच झाला.

"वा गं माझी ढब्बू! काय कोरडी झालीयेस! बस अजून जरा."

आता काय म्हणावं या बाईला! अंग भट्टीसारखं तापलंय आणि घाम थांबलाय, म्हणजे शरीराने हात टेकलेत. एरवी एखाद्या नवख्या कोचला तिने यावरूनच फैलावर घेतलं असतं.

स्वेटर, कानटोपी उतरवून पुन्हा काट्यावर आणलं, तर जाकिटाचं वजन वगळूनही काटा होता तिथेच. मावशीच्या कपाळाला आठी पडली. "चेन काढ गं जाकिटाची," ती म्हणाली. ढब्बू खांद्यावर चेन शोधायला लागली. मग पाठीमागे. चेन तर तिच्या गळ्याखाली होती.

"आई आली का?" तिने विचारलं. आई तर दुसऱ्या गावी होती.

मावशीने तिला काट्यावरून उतरवून भिंतीशी उभं केलं. तेवढ्यात बाहेर त्यांच्या गटाचा पुकारा झाला. आणि तिच्या मनात आलं, एवढं वजन होऊ दे, मग लगेच पाणी पाजू. हो, आलं. खोटं कशाला बोला? समोर पोर भिंतीला धरून उभी होती, तरी आलं.

मग तिने दार उघडून डॉक्टरांच्या नावाने अशी किंकाळी फोडली की अख्खा हॉल दचकला. जाकीट फाडूनच काढलं. नळाखाली टॉवेल भिजवून पोरीच्या अंगावर टाकत राहिली. दारात पंच येऊन उभा राहिला.

"मावशी, तुमची खेळाडू?"

"वजनात बसत नाही. नाव काढा तिचं."

"कोण, काटा मावशीची?" मागून कुणीतरी हसलं. तिने वळूनही पाहिलं नाही.

दुपारी डॉक्टरांच्या खोलीत, सलाईन लावलेल्या ढब्बूने डोळे उघडले. धोका टळला होता. मावशी पलंगाशी खुर्चीत बसली होती.

"ओरड माझ्यावर," ती म्हणाली. "एवढे महिने राबलीस, सगळं मातीत घातलं मी."

ढब्बू छताकडे बघत म्हणाली, "मला वरच्या गटातच खेळायचं होतं, मावशी. हे वजन मला झेपत नव्हतंच."

"मग बोलली का नाहीस, बाळा?"

"तुझी कुणीच कधी चुकली नाही ना. पहिली मीच कशी होऊ?"

मावशीला रडू फुटलं. एकेक पोर तिच्या डोळ्यांसमोर यायला लागली. सगळ्या काट्यावर बरोबर उतरलेल्या, सगळ्या गप्प. त्यातली कोण कशी उतरली होती, हे तिने एकीलाही विचारलं नव्हतं.

बहिणीचा फोन आला. "झालं का गं वजन?"

"नाही," मावशी म्हणाली. "बस आधी, सांगते. चूक माझी आहे." आणि ती पहिल्यापासून सांगायला लागली.