तिसाव्या झाडाजवळचा नेपच्यून

उत्तमने चौथा डबा उघडला, चिमूटभर काळे दाणे तळहातावर घेतले आणि खिडकीच्या उजेडात धरले.

"मोहरीच होय ना हे?"

"मोहरीच आहे, मामाजी. दोन दाणे पुरे." सून करुणा ओट्याजवळ उभी राहून कागदाच्या पुड्या बांधत होती. "आता फक्त खसखस पाहिजे."

खसखस कुठे असेल हे दोघांनाही माहीत नव्हते. उत्तमच्या बायकोने, इंदूने, डब्यांवर कधी नावे लिहिली नाहीत. सगळे डबे सारखे, फळीवर एका ओळीत. कशात काय आहे ते तिच्या हाताला माहीत असायचे. दिवाळीच्या आधी ती गेली. तेव्हापासून उत्तम पुढच्या तीन डब्यांवर भागवत होता; तिखट, मीठ, डाळ. मागचे डबे कोणी हलवले नव्हते.

त्याने एकेक पुढे ओढला. शेवटच्या डब्यात जुन्या पातळाच्या चिंधीत बांधलेली खसखस निघाली. गाठ घट्ट होती. करुणाने हात पुढे केला, पण त्याने ती स्वतःच नखाने सोडवली, दोन दाणे काढून दिले आणि परत तशीच गाठ मारून ठेवली.

"याचं काय होणार?"

"एक पृथ्वी, एक शुक्र."

"एवढीशी पृथ्वी?"

"सूर्य संत्र्याएवढा धरला तर एवढीशीच होते. बुध आणि मंगळ तर याहूनही लहान. त्यांच्यासाठी रव्याचे दोन कण घेतले."

करुणा गावच्याच शाळेत सहावीला शिकवायची. ती आणि तिचा नवरा सागर पांढुर्ण्याला राहत. ती रोज स्कूटीने तिगावला येई आणि शाळेच्या आधी सासऱ्याकडे डोकावून जाई. पुस्तकातल्या चित्रात सगळे ग्रह एकमेकांना खेटून बसवले होते. मुलांना वाटायचे, मंगळ म्हणजे पलीकडची गल्ली. मग तिच्या ध्यानात आले की सासऱ्याच्या बगीच्यात झाडे एकमेकांपासून वीस फुटांवर आहेत, आणि संत्र्याएवढ्या सूर्यापासून पृथ्वी जवळजवळ तेवढीच लांब येते. एक झाड म्हणजे सूर्य ते पृथ्वी. शेवटचा ग्रह तिसाव्या झाडाशी. आणि विहिरीपासूनची ओळ बरोबर तीस झाडांची होती.

"मुलांना बगीच्यात आणू का?" तिने विचारले होते. "सोमवारच्या आधी."

"आण ना. बगीचा काय मी बांधून ठेवला हाय?"

सोमवारी जेसीबी येणार होता. ओळींच्या त्या टोकाची झाडे काढून तिथे पावसाळ्यात तूर पेरायची, असे सागरने ठरवले होते. उत्तमने हो म्हटले होते.

झाडे त्याच्या डोळ्यांदेखत वाळली असे म्हणता येत नव्हते, कारण तो तिकडे गेलाच नव्हता. मोटर लहान होती. पाणी विहिरीपासून पाटाने निघायचे, पहिल्या झाडाचे आळे भरले की दुसऱ्याकडे वळायचे, दुसरे भरले की तिसऱ्याकडे. एक आळे भरेपर्यंत माणसाचा चहा होऊन पिऊन व्हायचा. शेवटच्या झाडाला पाणी लागायला चार तास जात. इतकी वर्षे उत्तम या टोकाला विहिरीपाशी आणि इंदू त्या टोकाला, तिसाव्या झाडाखालच्या दगडावर. पाणी पोचले की ती हाक द्यायची, "आलं जीऽऽ". आळे काठोकाठ भरले की दुसरी हाक, "झालं जीऽऽ". मग तो मोटर बंद करायचा. बाकी दिवसभर दोघांचे फारसे बोलणे होत नसे.

ती गेल्यावर एकदा पाणी बांध फोडून शेजारच्या विशालच्या गव्हात शिरले. विशाल रागावला नाही, उलट "होते काका एखाद्या वेळेस" म्हणाला. पण तेव्हापासून उत्तम अंदाजाने, बऱ्याच आधी मोटर बंद करू लागला. संत्र्याला थंडीत ताण द्यावा लागतो. पाणी तोडायचे, पाने जराशी मलूल झाली की पुन्हा पाणी द्यायचे, मग झाड फुलते. अलीकडच्या झाडांचा ताण त्याने वेळेवर सोडला होता. त्यांना कळ्या लागल्या होत्या. पलीकडच्यांचा सुटलाच नाही. सागर एकदा बांधावरून पाहून आला आणि म्हणाला, "बाबा, ते शेवटचे गेले. आता ठेवून काय करता?"

"काढ मंग," उत्तम म्हणाला होता आणि जेवायला बसला होता.

मुले दहाच्या सुमाराला आली, रांगेत निघून घोळक्याने पोचली. सातला लाईन आली होती, मोटर सुरूच होती. उत्तमने मुलांना पाटापासून दूर उभे केले आणि करुणाच्या सांगण्यावरून एक पिकले संत्रे देठासकट कापून आणले. विहिरीच्या ओट्यावर उलटी बादली ठेवून तिच्यावर ते बसवले.

"हा आपला सूर्य," करुणा म्हणाली. "हा ग्रह नाही, तारा आहे. स्वतःच्या उजेडाने तळपतो. बाकी सगळे याच्याभोवती फिरतात आणि याच्याच उजेडात दिसतात. चला, बुध कोण होते?"

बुध आणि शुक्र बादलीपासून चार-पाच पावलांतच थांबले. शुक्र झालेल्या मुलीला करुणाने सांगितले की सगळ्यांत तापलेली तीच, बुधाहूनही, कारण तिने ढगांचे जाड पांघरूण घेतले आहे. "म्हणूनच हिचं डोकं गरम राहते," मागून कोणी तरी म्हणाले. पहिल्या झाडाशी पृथ्वी उभी राहिली. खसखशीचा दाणा तिने बोटाच्या टोकावर धरला होता आणि श्वास रोखला होता.

"उडाली तर सापडणार नाही, मॅडम."

"मग उडू देऊ नको. आपण सगळे तिच्यावर आहोत."

मंगळ दीड झाडावर. मग मोकळी झाडे लागली. मुले पुढे जात राहिली आणि काहीच येईना. पाचव्या झाडापलीकडे करुणाने अंकुशच्या हातावर हरभऱ्याचा दाणा ठेवला. "गुरू. सगळ्यांत मोठा. बाकीचे सारे एकत्र केले तरी याच्याएवढे भरत नाहीत." नवव्या आणि दहाव्या झाडाच्या मध्ये मंगेशला तुरीचा दाणा मिळाला. दाण्याभोवती तिने कागदाची गोल कड चिकटवली होती.

"हा शनी. याला कडी आहेत. बर्फाचे आणि दगडांचे लहान-मोठे तुकडे."

मंगेशने दाणा जरा दूरच धरला. "मॅडम, शनी लागते ना? आमची आई दर शनिवारी जामसांवलीले नेते मले."

"मारुतीला जा ना खुशाल. पण हा कोणाला लागत नाही. बघ, तूर आहे."

"मॅडम," पाचव्या झाडाकडून आवाज आला, "अंकुशनं गुरू खाल्ला."

"खाल्ला नाही जी, तोंडात ठेवला होता."

"आता कुठे आहे?"

अंकुशने रिकामे तळहात दाखवले. उत्तम विहिरीमागच्या घरात गेला आणि मूठभर हरभरे घेऊन आला. अंकुशच्या हातावर त्याने दोन दाणे ठेवले. "एक गुरू, एक तुले," तो म्हणाला. अंकुश हसला. उत्तमला आपण काही गमतीचे बोललो याचे जरा नवल वाटले.

एकोणिसाव्या झाडाशी युरेनस थांबला. तो आडवा पडून फिरतो असे करुणाने सांगितल्यावर तो मुलगा गवतावर आडवाच झाला आणि उठेना. शेवटी रूपाली उरली. बारीक, दोन वेण्यांची, मुठीत मोहरीचा दाणा घट्ट धरलेली.

"मले काऊन इतक्या दूर?"

"नेपच्यून तिथंच असते, बाई. निळा आहे, थंड आहे. त्याला एक फेरा करायला एकशे पासष्ट वर्षं लागतात."

"तिथं एकटीनं काय करू?"

"उभी राहा. आणि सूर्य दिसते का ते सांग."

रूपाली चालत गेली. झाडांच्या सावल्यांत तिचा पांढरा सदरा दिसायचा, नाहीसा व्हायचा, परत दिसायचा. उत्तम विहिरीच्या ओट्याजवळ उभा राहून पाहत होता. विसाव्या झाडानंतर पानांचा रंग बदलत गेलेला इथूनही कळत होता.

"नाही दिसत, मॅडमऽ," लांबून आवाज आला.

"तिथून सूर्य एका ठिपक्याएवढा," करुणा परत येत मुलांना सांगू लागली. "आता उजेडाचं ऐका. उजेडाएवढं भरभर काहीच पळत नाही. तरी सूर्यापासून पृथ्वीपर्यंत यायला त्याला आठ मिनिटं लागतात. या संत्र्यापासून त्या पहिल्या झाडापर्यंत, आठ मिनिटं. मग रूपालीपर्यंत?"

मुलांनी बोटांवर हिशेब केला. कोणी एक तास म्हणाले, कोणी एक दिवस.

"चार तासांच्या थोडं वर."

उत्तम हरभऱ्याचे उरलेले दाणे खिशात घालत होता. त्याचा हात तिथेच राहिला. त्याने पाटाकडे पाहिले. पाटातले पाणी हळूहळू पुढे चालले होते. मोटर बंद करायची वेळ केव्हाच टळून गेली होती आणि मुलांच्या गडबडीत त्याच्या ते ध्यानातच आले नव्हते. विशालचा गहू ओंबीवर होता. तो स्टार्टरच्या पेटीकडे गेला आणि लाल बटणावर बोट ठेवले.

तेवढ्यात बगीच्याच्या त्या टोकाकडून बारीक, लांबवलेला आवाज आला.

"आबाजी, पानीऽऽ. पानी आलं जीऽऽ."

करुणा बोलता बोलता थांबली. तिने सासऱ्याकडे पाहिले आणि मग मुद्दाम मुलांकडे तोंड फिरवून पुढचे सांगू लागली, पण काय सांगत होती ते तिलाही नीट जुळेना.

उत्तमचे बोट बटणावरच होते. पाणी आले एवढे कळले होते. आळे भरले की नाही, ते इथून कळणार नव्हते. पोरीला दुसरी हाक माहीत नव्हती.

त्याने बोट काढले. भिंतीला टेकवलेले फावडे उचलले आणि ओळीने चालू लागला. पृथ्वी अजून बोट वर करून उभी होती. गुरूचे जबडे हलत होते. शनीने विचारले, "आबाजी, झालं का जी? पाय दुखून राहिले." युरेनस झोपलाच होता, त्याला वळसा घालावा लागला. त्यापुढे पाचोळा लागला. आधी पायांखाली थोडा, मग सगळीकडे. इथला आवाज वेगळा होता.

रूपाली चपला हातात घेऊन ओल्या मातीत उभी होती. मागे तो दगड, त्याच्यावर वाळलेली पाने साचलेली. पाणी तिसाव्या झाडाच्या आळ्यात नुकतेच शिरले होते आणि कोरड्या भेगांत बुडबुडे सोडत खाली जात होते. आळे भरायला अजून सुरुवातही झाली नव्हती.

"आबाजी, हे मेलं का?"

फांद्या टोकाकडून वाळल्या होत्या. उरलेली पाने पन्हाळीसारखी वळली होती. उत्तमने एक फांदी वाकवली, ती काड्कन तुटली. मग त्याने खोडाजवळची जाड फांदी धरली आणि अंगठ्याच्या नखाने साल खरवडली. एकदा खरवडली, परत जरा खोल खरवडली. मग रूपालीला जवळ बोलावून दाखवले. आत हिरवे होते.

"तहानलं हाय," तो म्हणाला.

त्याने फावड्याने आळ्याची फुटलेली कड बांधून घेतली, बांधाकडची बाजू उंच केली. पाणी थांबू लागले.

"तू आता मॅडमजवळ जा. म्हणा, मी आवाज देतो तेव्हा लाल बटन दाबजो. त्याच्या आधी नाही."

"बरं."

"आन सांग, सोमवारचं सागरले थांबव म्हणा. आधी पिऊ दे त्यायले."

"कोनाले?"

"तिले समजते. जाय."

रूपाली दोन पावले गेली आणि परत आली. "मंग नेपच्यून?"

त्याने हात पुढे केला. तिने मोहरीचा दाणा त्याच्या तळहातावर ठेवला, त्याची बोटे स्वतःच्या हातांनी मिटली आणि पळत सुटली.

उत्तमने दगडावरची पाने झाडली आणि बसला. इथून बादली दिसत नव्हती, संत्रे तर नाहीच. मोटर ऐकू येत होती, पण कोणाच्या तरी घरात चालू असावी इतकी बारीक. विहिरीपाशी आपण उभे आहोत की नाही हे सुद्धा इंदूला इथून कळत नसणार. इतकी वर्षे ती इथे बसून हाक देत होती, आणि आपण ऐकली की नाही हे तिला मोटर बंद पडल्यावरच समजत असणार.

नागपूरकडे जाणारी मालगाडी लांबून गेली. गाडीच्या आवाजात हाक वाया जाईल म्हणून तो थांबला. तोवर पाणी खोडाला लागले, काठाला आले, काठावर थोडे थरथरले.

तो उभा राहिला. दोन्ही हात तोंडाशी नेले. त्याने खाकरून घसा मोकळा केला.

"झालं जीऽऽ."

लगेच काहीच झाले नाही. मग मोटर थांबली.

त्याने मूठ उघडली. दाणा ओल्या हाताला चिकटून होता.