फोटोबाईंचा हुकूम

"आत फक्त पेशंट," फोटोबाई तिसऱ्यांदा म्हणाल्या. "दारावर लाल अक्षरात लिहिलंय, आणि मी तोंडानेही सांगतेय."

"ती माझ्याशिवाय कुठे जात नाही," मठाच्या प्रमुख मदर म्हणाल्या. आवाज मऊ होता, पाय मात्र उंबऱ्यातच होता.

"मग आज जाईल. ही किरणं कोणाचा झगा बघून थांबत नाहीत."

फोटोबाई म्हणजे इस्पितळातल्या एक्स-रे विभागाच्या तंत्रज्ञ. एकतीस वर्षं त्या छातीचे, हातापायांचे फोटो काढत होत्या आणि पेशंट त्यांना याच नावाने ओळखत. जिभेला हाड नाही, अशी त्यांची ख्याती होती. 'बाकी सगळी हाडं मी बघते ना,' असं त्यावर त्या म्हणत.

आजचं काम बिशपांच्या कचेरीकडून आलं होतं. गावाबाहेरच्या टेकडीवर जुन्या रीतीचा एक मठ होता. लॅटिनमधल्या प्रार्थना, आईवडिलांची भेट वर्षातून दोनदा आणि तीही जाळीआडून, शेजारी दुसरी सिस्टर कान देऊन बसलेली. घरी लिहिलेली पत्रं पोचत नाहीत अशी एका मुलीच्या आईवडिलांनी तक्रार केली, तेव्हा कचेरीने चौकशीसाठी एक मॅडम नेमल्या. चौदा सिस्टरांची छातीच्या फोटोसकट तपासणी आणि चौदा फॉर्म. तेरा झाले होते. प्रत्येक फॉर्मवर तीच उत्तरं होती. मारहाण? नाही. कोंडून ठेवणं? नाही. स्वखुशीने राहता? हो. फोटोबाई स्वतः दर रविवारी चर्चमध्ये गाणाऱ्या, त्यामुळे या तक्रारीवर त्यांचा फारसा विश्वासही बसला नव्हता. आईबापांचा जीव तुटतो म्हणून मठ वाईट ठरत नाही, असं त्या सकाळीच म्हणाल्या होत्या.

चौदावी सिस्टर विशी-बाविशीची होती. गळ्यातला क्रॉस काढा म्हटल्यावर तिने दाराकडे पाहिलं. मदरांनी मान हलवली, मग तिने क्रॉस काढला. फोटोबाईंनी दार लावून घेतलं.

"हनुवटी वर. छाती पाटीला टेकवा. खांदे पुढे. आता मोठा श्वास घ्या... रोखून धरा."

त्या काचेमागे गेल्या आणि बटण दाबलं. पडद्यावर फोटो आला आणि त्या पुढे वाकल्या. डावीकडची एक बरगडी मोडलेली होती. कालपरवाची नाही, कडेने हाड जुळायला लागलेलं, म्हणजे तीन आठवडे तरी झालेले. एवढ्या दुखण्यावर या पोरीने आत्ता छाती भरून श्वास घेतला होता आणि हूं की चूं केलं नव्हतं.

तेवढ्यात बाहेरून दार ठोठावलं. मदर. "किती वेळ? आमची प्रार्थनेची वेळ होते."

"फोटो आहे, लग्नाचा अल्बम नाही!" फोटोबाईंनी दार फटीएवढं उघडून सुनावलं. मदरही गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. चार शब्द इकडून गेले, चार तिकडून आले. दार लोटून फोटोबाई वळल्या, आणि जागीच थबकल्या.

सिस्टर अजून पाटीला चिकटून उभी होती. हनुवटी वर, खांदे पुढे. ओठ काळेनिळे, गुडघे लटलट कापत होते.

'सोडा' म्हणायचं राहून गेलं होतं.

"सोड! अगं, श्वास सोड!"

तिने सोडला. तोंडातून बारीक किंकाळी निघाली, तिला तिने लगेच आवरलं, आणि ती खाली बसली. फोटोबाईंनी तिला धरलं. एकतीस वर्षांत त्या कितीदा तरी 'सोडा' म्हणायचं विसरल्या होत्या. पण माणसं आपली आपण सोडतात. आजोबा मध्येच खोकतात, पोरं फिसकन हसतात, एकदा एक फौजदार 'मरायचंय का' म्हणून ओरडला होता.

"बाळा, तू का नाही सोडलास?"

"तुम्ही सांगितलं नव्हतं," ती म्हणाली. तक्रार नव्हती त्यात. उलट आपलं काही चुकलं का, अशा नजरेने ती बघत होती.

"आणि ही बरगडी कधी मोडली?"

"स्टुलावरून पडले तेव्हा. पाण्याचा जग फुटला. मी सगळ्यांसमोर गुडघ्यावर बसून जग फोडल्याबद्दल माफी मागितली."

"आणि दुखत होतं ते?"

"ते कोणी विचारलं नाही."

फोटोबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिला खुर्चीवर बसवून त्या ताडताड शेजारच्या खोलीत गेल्या. चौकशीच्या मॅडम तेरा फॉर्म नीट लावून बसल्या होत्या. सगळं ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं, पुन्हा उचललं.

"हे मी कोणत्या रकान्यात लिहू?"

"मागची बाजू कोरी आहे ना? तिथे लिहा. ती मेली असती तरी म्हणाली असती, मी स्वखुशीने मेले!"

मदर मागोमाग आत आल्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "ते आज्ञापालन आहे. देवाला दिलेलं वचन. तुम्हाला कळणार नाही."

"देवाने श्वास दिलाय तो न विचारता घ्यायला दिलाय, मदर. एवढं मलाही कळतं."

मॅडमनी मदरांना बाहेर बसायला सांगितलं, डॉक्टरांना फोटो दाखवला आणि सिस्टरला बोलावून घेतलं. शांत बाई, आवाज कधी न चढवणारी. "डॉक्टर म्हणतात, तुम्ही काही दिवस इथे राहावं. तुम्हाला राहायचंय का?"

सिस्टरने दाराकडे पाहिलं. दार बंद होतं. ती गप्प राहिली. एक मिनिट, दोन मिनिटं. फोटोबाईंना राहवेना.

"अगं, हो म्हण!"

"हो."

फोटोबाईंनी सुटल्यासारखं मॅडमकडे पाहिलं. मॅडम मात्र सिस्टरकडेच बघत होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "आता नाही म्हणा."

"नाही."

मुकी बिचारी कुणीही हाका, ही म्हण फोटोबाईंनी आजवर गुरांसाठीच वापरली होती. आणि आत्ता त्यांनी स्वतःच हाकून पाहिलं होतं. त्यांना मदरांचा राग आला, मठाचा आला, त्या शहाण्या फॉर्मचा आला, आणि सगळ्यात जास्त आपल्या त्या 'हो म्हण'चा आला.

मॅडमनी तेरा फॉर्म पुढे ओढले. पहिल्याच्या मागच्या बाजूला लिहिलं, 'यातला होकार हा होकार म्हणून धरता येत नाही.' मग दुसऱ्याच्या मागे तेच लिहिलं. तिसऱ्याच्या मागेही.

"यावर मठ बंद होईल?" फोटोबाईंनी विचारलं.

"मला फक्त शिफारस करता येते."

"म्हणजे तेरा जणी परत जाणार."

"हो," मॅडम म्हणाल्या. त्यांची मान वर झाली नाही.

डॉक्टरांनी मात्र बरगडीसाठी चौदावीला दाखल करून घेतलं. बाहेर मदर म्हणाल्या, "तिची इच्छा नाहीये." फोटोबाई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "तिची इच्छा तुम्ही कुठे ठेवलीय ते आधी सांगा. मी जाऊन घेऊन येते."

मदर गाडीकडे वळल्या. तेरा सिस्टर दोन-दोनच्या रांगेत गाडीत बसल्या. शेवटची रांग एकटीची होती.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत फोटोबाई आपला डबा घेऊन वॉर्डात गेल्या. सिस्टरसमोर ताट होतं. भात, वरण, उकडलेल्या भाज्या. शेजारच्या खाटांवरची ताटं रिकामी झाली होती. ही हात मांडीवर ठेवून बसलेली.

फोटोबाईंच्या ओठांवर 'जेव' आलं होतं. त्यांनी ते दाताखाली धरलं आणि स्टूल ओढून आपला डबा उघडला.

"खाऊ का?" थोड्या वेळाने सिस्टरने विचारलं.

"मला काय विचारतेस? भूक तुला लागलीय का मला?"

सिस्टरने खूप विचार केला. कपाळाला आठ्या पडल्या. मग ती खरं तेच बोलली. "मला माहीत नाही."

ओक्साबोक्शी रडावं, नाहीतर टेकडीवर जाऊन ती जाळी दोन्ही हातांनी उपटावी, असं फोटोबाईंना झालं. त्यांनी डबा बंद केला.

"बरं. मग बसू आपण," त्या म्हणाल्या.

ताट गार झालं. फोटोबाईंनी ते वॉर्डाच्या स्वयंपाकघरात नेऊन गरम करून आणलं. ते पुन्हा गार झालं. एक्स-रेच्या दारात रांग लागल्याचा निरोप आला. थांबू दे म्हणावं, असं सांगून त्यांनी ताट पुन्हा उचललं. स्वयंपाकघरातल्या बाईने कपाळाला हात लावला, पण गॅस पेटवला.

तिसऱ्यांदा वाफाळतं ताट समोर आलं, तेव्हा सिस्टरने चमचा उचलला, वरणात बुडवला, जिभेला टेकवला आणि झटकन मागे घेतला.

"फार गरम आहे हे," ती म्हणाली. म्हणाली आणि चूक केल्यासारखी दचकून फोटोबाईंकडे बघत राहिली.

"आहेच मुळी," फोटोबाई म्हणाल्या. त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या आणि बराच वेळ वळल्या नाहीत. मागे ताटावर कोणीतरी फुंकर घालत होतं.