चित्राची डावी बाजू

"डावी बाजू गेलीय," बाबा फोनवर म्हणाले.

"कशाची?"

"टीव्हीची. बातम्या देणारी बाई अर्धीच दिसतेय. एक डोळा, एक कान, एक खांदा. उरलेली बाई कुठे गेली कुणास ठाऊक."

सकाळचे दहा चाळीस झाले होते. मी ग्रंथालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या टेबलाशी होते आणि फोन खांद्याने कानाशी दाबून शिक्के मारत होते.

"बंद करून परत चालू केलात का?"

"तीनदा."

"प्लग नीट आहे ना?"

"छोटे, चाळीस वर्षं मी लोकांचे टीव्ही दुरुस्त केले. प्लगबद्दल तू मला विचारतेस?"

मला हसू आलं. "बरं, आई कुठेय?"

"मावशीकडे. साडेनऊला गेली, संध्याकाळी येईल. तिला कळवू नकोस, नाहीतर म्हणेल, घर सोडून एक दिवस गेले तर टीव्ही फोडून ठेवलात."

तो त्यांचा शेवटचा साधा दिवस. बिघाड टीव्हीत नव्हता. त्यांच्या मेंदूच्या मागच्या बाजूला एक रक्तवाहिनी बंद पडत होती आणि त्यामुळे त्यांना कशाचीच डावी बाजू दिसत नव्हती. हे आम्हाला संध्याकाळी दवाखान्यात कळलं. तोवर दिवसभर आमच्या घरात टीव्हीवरून वाद चालला होता.

टीव्ही दादाने आणला होता, आठ महिन्यांपूर्वी. त्याआधी महिनाभर मी त्याला सांगत होते की ती सिस्टम घेऊ नकोस, बाबांचा फोन दुसऱ्या सिस्टमवर चालतो, दोघांचं जमणार नाही. फोन मी घेऊन दिलेला. दादाचं म्हणणं, तुझ्या फोनला साधं चालू व्हायला दोन मिनिटं लागतात, तू मला शिकवू नकोस. तो राहतो दुसऱ्या गावात, मी गावाच्या दुसऱ्या टोकाला. आईबाबांना दिसायचा तो आमच्या भांडणाचा परिणाम. फोनमधले फोटो टीव्हीवर जात नसत, टीव्हीतलं खातं फोनवर उघडत नसे. रिमोटमध्ये तोंडाने बोलायची सोय होती. बाबा अगदी आदबीने त्यात "बातम्या" म्हणत आणि टीव्ही त्यांना पोहण्याचे कपडे दाखवी.

"हा आपल्याच घरात राहून माझं ऐकत नाही," ते म्हणायचे, "अगदी तुमच्यासारखा."

एकदा आम्ही जेवताना या विषयावरून इतके हातघाईवर आलो की ते ताट घेऊन स्वयंपाकघरात गेले. "तुमच्या लग्नांत व्याही-व्याही एवढे भांडले नाहीत," असं तिकडून ऐकू आलं.

टीव्ही हा त्यांचा विषय होता, हे आम्ही दोघं विसरलो होतो. बाजाराच्या मागच्या गल्लीत एका जिन्याखाली त्यांचं दुकान होतं. आत एक माणूस नीट उभा राहू शकायचा आणि दुसऱ्याला वाकावं लागायचं. गिऱ्हाईक आलं की ते आधी सेटला हात लावत नसत. तीन गोष्टी विचारत. कधीपासून? तेव्हा काय चालू होतं? आणि मग तुम्ही काय केलंत? तिसऱ्या प्रश्नावर लोक चुळबुळ करायचे, कारण बहुतेकांनी सेटच्या डोक्यावर थापा मारलेल्या असत. मग बाबा तीच वायर दुसऱ्या, चालू सेटला लावून बघत. तिथेही मुंग्या दिसल्या तर सेट निर्दोष. "आधी बिघाड कुठे नाही ते शोधायचं," असं ते म्हणत.

सेटच्या मागे बसून स्क्रू फिरवताना पुढचं चित्र दिसत नाही. त्यासाठी खुर्चीवर एक आरसा टेकवलेला असायचा. मी शाळेत जायला लागले तसं आरशाचं काम माझ्याकडे आलं. मी समोर बसून ओरडायचे, "रेघा! आता कमी! आता बाई हिरवी झाली!" मी आरशापेक्षा बरी, असं ते गिऱ्हाइकांना सांगत, पण आरसा मधूनच गोळ्या मागत नाही, हेही सांगत.

मग पातळ टीव्ही आले. त्यांच्यात दुरुस्त करण्यासारखं फारसं नव्हतं. पडदा गेला की नवा पडदा, आणि तो अख्ख्या सेटच्याच किमतीचा. बाबांनी दोन वर्षं तग धरला. एके दिवशी दुकानाची चावी मालकाच्या हातात देऊन घरी आले आणि आईला म्हणाले, "आज भाजी मी निवडतो." दुकानाबद्दल ते पुढे कधीही काही बोलले नाहीत.

तर त्या दिवशी. पहिला फोन ठेवल्याबरोबर मी आम्हा भावंडांच्या ग्रुपवर दादाला लिहिलं, "अभिनंदन. तुझ्या टीव्हीने आठ महिन्यांत मान टाकली. अर्धा पडदा गेला." पुढे डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसणारे तीन चेहरे.

दादाने लगेच उत्तर दिलं. "पडदा असा मधोमध जात नाही. रात्री अपडेट आलं असेल. सेटिंग बघायला सांग."

"अपडेटने टीव्ही बिघडतो हे तूच कबूल केलंस, धन्यवाद."

"तू आधी बघ तरी काय झालंय ते."

"मी बघू? आणलायस तू."

मी तिथेच बसून कंपनीकडे तक्रार नोंदवली, माझ्या नावाने, आणि तक्रारीचा क्रमांक ग्रुपवर टाकला. बाबांना टीव्ही दिसावा म्हणून नव्हे. दादाला तो क्रमांक दिसावा म्हणून.

बारा वाजून दहा मिनिटांनी बाबांचा दुसरा फोन आला. सेटिंग उघडलं पण त्यातले शब्दही अर्धेच दिसतात, म्हणाले. मी म्हटलं, "बाबा, पडद्याचा फोटो काढून मला पाठवा. मी दादाला दाखवते."

फोटो आला. जरा तिरका, खाली टेबलाचा कोपरा आणि त्यांच्या अंगठ्याची सावली. पडदा अख्खा होता. बाई अख्खी होती. दोन्ही डोळे, दोन्ही खांदे, मागे हवामानाचा नकाशा.

मी परत फोन केला. "बाबा, फोटोत तर सगळं नीट दिसतंय."

"नाही गं. फोटोतही अर्धीच आहे."

"अहो, मी बघतेय ना. पूर्ण आहे."

"थांब, परत बघतो." मग म्हणाले, "असं कसं?"

असं कसं, हे मीही स्वतःला विचारलं. तेवढ्यात टेबलाशी दोन मुली आल्या, त्यांची पुस्तकं नोंदवली, आणि मनातल्या मनात मी उत्तर तयार केलं. मधूनच जात असेल, मधूनच येत असेल. सैल वायरीचं असंच होतं. तो फोटो मी ग्रुपवर टाकला नाही. त्यात दादाचा टीव्ही धडधाकट होता.

दादाने मध्ये विचारलंही, "फोटो मागवलास का?" मी लिहिलं, "तुझ्या सिस्टमवरून माझ्या फोनवर फोटो येतो का कधी?" तो चिडला. मग आम्ही अर्धा तास नुसतं त्यावरच भांडलो, कुणाचं काय कुणाला जोडता येतं आणि येत नाही.

तिसरा फोन दोन वीसला आला. टेबलासमोर सहा-सात जणांची रांग होती.

"छोटे, ऐक. मी माळ्यावरचा जुना पोर्टेबल काढला. त्याला वायर लावली. त्याचीही डावी बाजू नाही."

"बाबा, माळ्यावर कशाला चढलात?"

"ऐक तर. मग पेपर धरला समोर. पेपरचीही नाही. एक डोळा झाकून बघितलं, मग दुसरा. दोन्हींनी तेच." ते सावकाश बोलत होते, एकेक स्क्रू काढून बशीत ठेवावा तसे. "म्हणजे बिघाड सेटमध्ये नाही."

"मग कशात आहे?"

"तेच कळत नाहीये. मी जरा गोंधळलोय गं."

हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होते. उघड्या सेटसमोर तास तास बसलेले मी त्यांना पाहिलं होतं, पण "बघतोय" यापलीकडे ते काही म्हणत नसत. रांगेतला एक माणूस घड्याळाकडे आणि मग माझ्याकडे बघत होता.

"बाबा, चष्मा पुसा," मी म्हणाले. "आणि जरा पडून राहा. संध्याकाळी बोलू."

"बरं. तू काम कर."

फोन मीच ठेवला. सहाला आई परतली तेव्हा ते टीव्हीसमोर जमिनीवर होते.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "शेवटचे पूर्ण बरे कधी होते?"

आई म्हणाली, "सकाळी. साडेनऊला मी निघाले तेव्हा ठणठणीत होते. मला सोडायला फाटकापर्यंत आले."

"त्यानंतर कुणाशी काही बोलणं? काही त्रास सांगितला?"

दादा तेव्हा अजून रस्त्यात होता. आई माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, "टीव्ही नीट दिसत नाही म्हणत होते." डॉक्टरीणबाईंनी ते लिहून घेतलं. किती वाजता, हे त्यांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, "सकाळी कधीतरी." पहिल्या काही तासांत आणलं असतं तर एक औषध देता आलं असतं, असं त्या म्हणाल्या. कुणाला दोष न देता म्हणाल्या.

चौथ्या दिवशी पहाटे बाबा गेले.

त्यानंतर घरात दोन वाक्यं मुक्कामाला आली. आई येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची, "मी त्या दिवशी गेले नसते तर." आणि दादा कुणी नसताना म्हणायचा, "मी तो टीव्ही आणलाच नसता तर. त्याच्याशी झगडून झगडून त्यांना ताण आला." मी कधी आईच्या पाठीवर हात ठेवायचे, कधी दादाच्या. "असं काही नाही," म्हणायचे. म्हणताना ते खरंच होतं, असं काहीच नव्हतं, पण कसं होतं ते मी सांगत नव्हते. फोनमध्ये तो फोटो होता. मी तो रोज उघडायचे, आणि मला अजून कळत नव्हतं की त्या दिवशी मला तो दिसला कसा नाही.

तीन आठवड्यांनी दुपारी बेल वाजली. दारात चाळिशीचा एक माणूस, पाठीवर पिशवी, हातात टॅब. "टीव्हीची तक्रार होती तुमची. उशीर झाला, माफ करा, दोनच माणसं आहोत."

दादा त्याला परत पाठवणार होता. आई म्हणाली, "आलेत तर बघू दे. एवढ्या लांबून आलेत."

तो जमिनीवर बसला, टीव्ही चालू केला. सगळा पडदा लाल केला, मग हिरवा, निळा, पांढरा. आम्ही तिघं सोफ्यावर ओळीने बसून ते रंग बघत होतो. त्याने मागचं झाकण उघडून वायरी हलवल्या. माणूस नीटनेटका होता, काढलेले स्क्रू स्वतःच्या टोपीत ठेवत होता.

"पडदा एक नंबर आहे," तो म्हणाला. "डावी बाजू दिसत नाही असं लिहिलंय. कोण बघत होतं?"

"आमचे हे," आई म्हणाली आणि मग तिने सांगितलं की ते आता नाहीत.

तो उठून उभा राहिला. "वाईट झालं," म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "मला तक्रार बंद करावी लागेल. सेट चांगला आहे."

"चांगलाच असणार," आई म्हणाली. पाहुण्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून ती हसलीसुद्धा. "आमच्या ह्यांना नवीन काही जमत नव्हतं हो. फार गोंधळ व्हायचा त्यांचा."

"होतं, काकू. या वयात होतं. माझे सासरे अजून टीव्हीच्या रिमोटने पंखा लावायला जातात."

दादा जमिनीकडे बघत होता. त्या माणसाने टॅबवर बोट फिरवलं. तिथे कारणांची यादी होती, त्यातलं एक निवडावं लागतं, हे त्याने मला समजावलं, कारण तक्रार माझ्या नावावर होती. सुटा भाग बदलला. सेट बदलून दिला. ग्राहकाचा गैरसमज. त्याने शेवटच्या ओळीवर खूण केली आणि सही करायला टॅब माझ्यापुढे धरला.

"बोटानेच करा," तो म्हणाला.

मी बोट पुढे केलं, आणि ते तसंच राहिलं.

"हे नको," मी म्हणाले. "हे लिहू नका."

"ताई, दुसरं काही लागू होत नाही. नुसती नोंद आहे."

"गैरसमज झाला नव्हता त्यांचा." माझा आवाज मलाच मोठा वाटला. आईने मान वळवली. "आई, त्यांना सगळं जमत होतं. त्यांनी दुसरा सेट लावून बघितला. पेपर बघितला. एकेक डोळा झाकून बघितलं. बिघाड सेटमध्ये नाही हे त्यांनी शोधून काढलं होतं, एकट्याने, आणि दोन वीसला मला फोन करून सांगितलं होतं. तेव्हा वेळ होता. मी त्यांना चष्मा पुसायला सांगितलं आणि फोन ठेवला."

मी फोन उघडून तो फोटो दादाच्या हातात दिला. त्याने आधी फोटो बघितला, मग त्याच्या खालची वेळ.

"हा माझ्याकडे दुपारी बारापासून होता," मी म्हणाले. "तुला पाठवला नाही. दादा, मला तुझा टीव्ही बिघडलेला हवा होता."