चष्मा कसा मोडला

चष्म्याच्या दुकानाचा ब्लॉग सुनेच्या गळ्यात पडला होता. ‘डोळ्यांची निगा’ या एकाच विषयाचा तिने आठ वेळा कीस पाडला, आणि वाचणारा कोण? एकटा नवरा, तोही धाकाने. नवव्या वेळी मात्र तिचं डोकंच चालेना.

“सुचत नाही तर सोडून दे,” कोपऱ्यात दुरुस्ती करत बसलेले सासरे मान वर न करता म्हणाले.

“सोडते कसली!” ती फणकारली, आणि रागारागाने त्यांच्या टेबलावरची पाकिटं आवरायला लागली. प्रत्येक पाकिटात एक मोडका चष्मा होता, आणि तो कसा मोडला ते सासऱ्यांनी वर गिऱ्हाइकाच्याच शब्दांत टिपलं होतं. ‘उशीखाली ठेवला, वर जावई झोपला.’ ‘बाळाने दांडी चावली.’ ‘डोळ्यावर चष्मा असताना चष्मा शोधायला वाकलो.’

ती पोट धरून हसत सुटली. “अहो बाबा, ही खाण इतके दिवस दडवून ठेवलीत?”

“दडवली कुठे? तुझ्या नाकासमोरच तर होती.”

नाव-गाव वगळून तिने त्याच दुपारी जावयाची गोष्ट लिहिली आणि झोपताना चष्मा कुठे ठेवावा हे शेवटी दोन ओळींत सांगितलं. आठवडाभरात ती इतक्या जणांनी वाचली की नवऱ्याची धाकातून सुटका झाली.

सोमवारी एक आजोबा मोडका चष्मा नाचवत दुकानात शिरले. सासऱ्यांनी चिमटा उचलला, तसा आजोबांनी त्यांचा हातच धरला.

“दुरुस्ती राहू द्या हो, आधी लिहून घ्या! त्या जावयाच्या वरताण किस्सा आहे माझा!”