दोनशे चौदावं पान

मी एक जुनी कादंबरी आहे. पण माझ्याकडे पाहून तुम्हाला ते पटायचं नाही. मला शिवण नाही, कव्हर नाही. एका पत्र्याच्या पेटीत रचलेले एकशे वीस जाड पुठ्ठे आणि प्रत्येक पुठ्ठ्यावर घट्ट चिकटवलेलं माझं एकेक पान, एवढंच काय ते माझं शरीर. तरी मित्रांनो, माझं ऐका. जरा लवकर ऐका, कारण आज माझ्यापाशी फार वेळ नाही.

मला लिहिणारा माणूस लेखकबिखक नव्हता. गावाच्या वर मातीचं मोठं धरण आहे, त्याच्यावर देखरेख ठेवणारा तो मुकादम. तीस वर्षं रोज सकाळी तो धरणाच्या पायथ्याशी झिरपणारं पाणी बाटलीत भरायचा आणि उन्हात धरून बघायचा. भिंत थकत चालली आहे, हे त्यानं वरच्या साहेबांना पन्नासदा कळवलं. कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. "अहवाल वाचत नाहीत ना लेकाचे? मग गोष्ट तरी वाचतील!" असं बायकोला म्हणत तो मला लिहायला बसला. माझ्या तीनशे प्रती निघाल्या. बाकीच्या वाळवीनं फस्त केल्या आणि मी एकटी उरले.

मग एके दिवशी एका पटकथाकारानं मला रद्दीच्या दुकानातून उचललं. त्याला माझ्यावर सिनेमा करायचा होता. मी किती हरखले म्हणून सांगू! पण त्यानं घरी नेऊन पहिलं काय केलं असेल, तर ब्लेडनं माझी सगळी पानं सोडवली. ती त्या धंद्यातली रीतच होती. पान पुठ्ठ्यावर चिकटवायचं, पुठ्ठे दोरीला टांगायचे आणि प्रसंग इकडचे तिकडे करत बसायचं. त्यासाठी दोन प्रती लागतात, कारण चिकटवलं की पानाची मागची बाजू गेलीच. हे त्याला पक्कं माहीत होतं. "दुसरी प्रत मिळाली की मागच्या बाजू लावू," असं म्हणून त्यानं उजवी पानं वर ठेवली आणि डावी खळीत बुडवली. दुसरी प्रत काही मिळाली नाही आणि चित्रीकरणाची तारीख येऊन ठेपली. "मला सगळं तोंडपाठ आहे," असं तो म्हणाला. कसलं डोंबलाचं तोंडपाठ!

माझ्या दोनशे तेराव्या पानाच्या तळाशी एक मूर्ख ठेकेदार हसत म्हणतो, "पाणी गढूळ झालं? मग काळजी मिटली! माती बसून भोक बुजतंय." पान तिथं संपतं. त्यावर गोष्टीतला मुकादम काय म्हणाला, ते पाठीमागे होतं. सिनेमात ते ठेकेदाराचं वाक्य खुद्द नायकाच्या तोंडी आलं, वर संगीत वाजलं आणि धरण टिकलं. लोकांनी टाळ्या पिटल्या. घरोघरी कुठलीही अडचण आली, की माणसं हसून म्हणू लागली, "गढूळ झालं, म्हणजे बुजलं!" पहिल्याच खेळाला एक म्हातारा उठून "उलटं आहे हो, उलटं!" म्हणून ओरडला आणि मागच्यांनी त्याला "बसा खाली, आजोबा" म्हणून गप्प केलं. हे मी पटकथाकारालाच एका मित्राला हसत हसत सांगताना ऐकलं. तो म्हातारा कोण होता, ते मी लगेच ओळखलं. माझा जीव तीळ तीळ तुटला, पण खळीखाली तोंड असलेल्यानं बोलायचं कसं?

पुढं माझी पेटी धरणाखालच्या गावातल्या या महाविद्यालयात आली. कादंबऱ्यांचे सिनेमे कसे होतात, ते इथं एक मॅडम शिकवतात. वहीत दोन रकाने आखायचे, पुस्तकात काय आणि पडद्यावर काय. वर्षानुवर्षं मुलं माझी उजवी पानं तेवढी वाचत आली आणि "अगदी प्रामाणिक रूपांतर" असा शेरा मारत आली.

आज सकाळी वर्गातली एक मुलगी हसतच आत आली. सगळं टिपून घेते म्हणून तिला सगळे टिपकागद म्हणतात. तिचे बाबा आता धरणावर माझ्या मुकादमाच्याच जागी आहेत. "बाबांचा फोन होता," ती म्हणाली. "पायथ्याचं पाणी आज गढूळ येतंय म्हणे. खूश आहेत. बुजलं म्हणाले!" वर्ग हसला. मला मात्र माझं दोनशे चौदावं पान आठवलं.

मग तिनं माझा दोनशे तेराव्या पानाचा पुठ्ठा हातात घेतला आणि तिचं हसू थांबलं. "मॅडम, दोनशे तेरानंतर एकदम दोनशे पंधरा? मधलं पान?"

"मागच्या बाजूला असेल."

"मागे पुठ्ठा आहे."

मॅडमनी पुठ्ठा उलटून पाहिला. "इतकी वर्षं शिकवतेय गं मी हे."

खळ सुटावी म्हणून टिपकागदनं रुमाल भिजवून पानावर दाबला. "अगं, एकुलती एक प्रत आहे, फाटेल," मॅडम म्हणाल्या. पण त्यांनी तिचा हात धरला नाही. मी सुटताना कडेला फाटले. दुखलं, पण त्याची मला जराही खंत नाही.

तिनं फोन लावला. "बाबा, मध्ये बोलू नका, नुसतं ऐका." आणि ती वाचू लागली, "'बुजत नाही, मोठं होतंय! नितळ पाणी झिरपतं तोवर धरण धड आहे. गढूळ झालं की भिंत आतून वाहून चाललीय. तासभर आहे हातात. माणसं हलवा!'"

"अगं, पण सिनेमात तर..." बाबा म्हणाले.

"सिनेमात हे पानच नव्हतं, बाबा! टेकडीवर जा, भोंगा वाजवा!"

फोन बंद झाला. तिनं माझा पुठ्ठा छातीशी इतका आवळला, की तिचं काळीज मला ऐकू येत होतं. दहा मिनिटं गेली. पंधरा गेली. आणि भोंगा वाजला. तो हातानं फिरवायचा भोंगा टेकडीच्या माथ्यावर आहे. म्हणजे बाबा वर पोचले होते. ती पोर हमसून हमसून रडली. मग मॅडमनी तिला हाताला धरून बाहेर नेलं, गल्लीतली दारं ठोठावत सगळे चढाकडे पळाले. मी टेबलावरच राहिले. बरोबर केलं त्यांनी, माणसं आधी.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. माझा सिनेमा जरूर काढा, मला कापा, बदला, पण आधी माझी दुसरी बाजू वाचा. आणि जुनं पुस्तक एकटंच उरलं असेल, तर त्याला खळ लावू नका.

भोंगा अजून वाजतो आहे. तळमजल्यावरच्या या वर्गाच्या उंबऱ्यावरून पाणी आत येतंय. गढूळ आहे.