थांबले म्हणजे सोडले?

तुम्ही चोरी केलीत. सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना खुर्चीत सावरून बसायला तुम्हाला वेळ मिळेल. आमच्या भूगोलाच्या बाईंचा आवाज तुम्ही उचललात, चाळीस शाळांत वाटलात, आणि वाटून झाल्यावर त्याच बाईंना 'परिणामकारक शिकवत नाहीत' असा शिक्का मारून वर्गाबाहेर काढलंत.

मी या शाळेची प्रयोगशाळा सांभाळतो. काचेच्या नळ्या धुतो, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवतो, फुटलं तर बोलणी खातो. दोन वर्षांपूर्वी तुमच्या शिक्षण विभागाचा खोका आला. त्यात छत्तीस प्लेअर, साबणाच्या अर्ध्या वडीएवढे, प्रत्येकाला कानात घालायची वायर. शिक्षकांनी त्यात पाठ बोलून भरायचे, मुलांनी ऐकायचे. ते रोज चार्ज करायचं काम कुणाच्याच वेळापत्रकात बसेना, म्हणून माझ्या गळ्यात पडलं. मुलांनी प्लेअरला डबी म्हणायला सुरुवात केली आणि मला डबीकाका.

बाई आधी डबीला हात लावायला तयार नव्हत्या. "मी समोर धडधाकट उभी असताना पोरांनी मला खिशातून का ऐकायचं?" म्हणाल्या. मग सातवीतली एक मुलगी पाय मोडून सहा आठवडे घरी पडली. तिच्यासाठी म्हणून बाईंनी पहिला पाठ बोलून दिला. मुलगी परत आली तेव्हा नकाशावर वर्गापेक्षा दोन धडे पुढे होती. बाईंनी त्या दिवशी माझ्याकडे येऊन विचारलं, "तुमच्या सामानाच्या खोलीत आवाज घुमतो का हो?"

घुमत होता. मी कपाटांवर जुने पडदे टांगले, पंखा बंद केला. बाई स्टुलावर बसून बोलायच्या, मी बटण दाबायचो. घामाने दोघेही निथळायचो.

आता नीट ऐका, कारण सगळं इथेच अडलंय. वर्गात बाई प्रश्न विचारून गप्प बसतात. इतक्या गप्प, की नव्या मुलाला वाटतं बाई विसरल्या. डबीत गप्प बसायचं किती? एकाला दहा सेकंद पुरतात, दुसऱ्याला दहा मिनिटं लागतात. म्हणून बाईंनी युक्ती काढली. प्रश्न विचारायचा आणि म्हणायचं, "आता डबी थांबवा. शोधा. सापडलं की पुन्हा सुरू करा." प्रत्येक पाठात असं चार-पाच वेळा. पोरं बटण दाबून मैदानात धावायची, सावल्या मोजायची, भांडायची, परत येऊन कानात वायर घालायची. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, तुमच्या आलेखावर नाही.

दर शुक्रवारी तुमचा तरुण लॅपटॉप घेऊन यायचा आणि सगळ्या डब्यांना वायर लावायचा. भिंतीवर आलेख दाखवायची त्याला फार हौस, म्हणून आम्ही त्याला आलेखराव म्हणायचो. मी त्याला सरळ विचारलं, "यातून तुमच्याकडे काही जातं, की तुमच्याकडून यात येतं?"

"अपडेट आहे काका."

"अपडेट चढतं की उतरतं?"

तो हसला. "तुम्ही सिनेमे फार बघता वाटतं."

उत्तराऐवजी हसू मिळालं की माझे कान टवकारतात. मी बाईंना म्हटलं, कुठेतरी पाणी मुरतंय. बाई म्हणाल्या, "तुम्हाला नळ बंद असला तरी पाणी मुरताना दिसतं."

महिनाभरात तुमचं पत्रक आलं. पाठात मुलांची नावं घेऊ नका. 'आज' म्हणू नका. 'आपली शाळा' म्हणू नका. स्वतःचं नाव सांगू नका. सोबत सही करायचा कागद. बाईंनी मुख्याध्यापकांना विचारलं, "मग बोलतंय कोण, हे पोरांना कळायचं कसं?"

"बाई, सही करा हो. सगळ्यांनी केलीय."

"वाचलाय का सगळ्यांनी?"

"तेवढा वेळ कुणाला आहे?" मुख्याध्यापकांनी पेनाचं टोपण काढून पेनच पुढे केलं.

बाईंनी सही केली. ती चूक त्यांची, आणि माझीही, कारण मी शेजारी उभा होतो आणि गप्प राहिलो.

वर्ष संपताना तुमचा अहवाल आला. प्रत्येक शिक्षकापुढे एक रकाना: 'सोडून दिले'. म्हणजे म्हणे मुलांनी पाठ मध्येच किती वेळा बंद केला. बाईंच्या नावापुढे सगळं लालेलाल. आणि गणिताचे सर हिरवेगार! का ते मला विचारा. पोरं सरांची डबी चालू करून दप्तरात टाकतात आणि खेळायला जातात. सर आतल्या आत चाळीस मिनिटं डब्याच्या पोळ्यांना अपूर्णांक शिकवतात. कुणी थांबवत नाही, कारण कुणी ऐकत नाही. सर स्वतःच मला म्हणाले, "डबीकाका, माझा उत्कृष्ट शेरा पुसून घेता येतो का हो? लाज वाटते."

अहवालापाठोपाठ बाईंना नोटीस. विद्यार्थी सातत्याने पाठ सोडून देत असल्याने आपणांस अध्यापनातून मुक्त करून पुस्तक भांडारात का नेमू नये, याचा खुलासा समक्ष करावा. बाईंनी नोटीस दोनदा वाचली. "भांडारात मी कुणाला शिकवू? झुरळांना?" म्हणाल्या. हसायचा प्रयत्न केला, जमला नाही. तेवीस वर्षं शिकवतायत त्या. खडूची ॲलर्जी आहे, बोटं सोलतात, तरी.

सुनावणीच्या आदल्या रविवारी माझी भाची घरी आली होती. ती शहराच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेत जाते. कानात वायर घालून गृहपाठ करत बसली आणि एकदम चिडली.

"मामा, ही बाई वेडी आहे!"

"कोण गं?"

"डबीतली. म्हणते, तुमच्या खोलीत उत्तर दिशा कुठे ते बोटाने दाखवा. मी बोट वर करायच्या आत म्हणते, शाब्बास! अगं बये, मला शोधू तर दे."

मी वायर माझ्या कानात घातली. आमच्या बाई. माझ्या सामानाच्या खोलीतल्या. मागे माझं खोकणंसुद्धा होतं. फक्त 'आता डबी थांबवा, शोधा' एवढं कापलेलं. प्रत्येक ठिकाणी, स्वच्छ, एका अक्षराचा शिंतोडा न उडता. सुरुवातीला कुणा भलत्याच गोड गळ्यात तुमच्या विभागाचं नाव. भाचीला ही डबी मिळून पाच महिने झाले होते.

पाच महिने. नोटीस आली तीन आठवड्यांपूर्वी.

सुनावणीला मी बाईंबरोबर आलो, आमची एक डबी आणि भाचीची एक डबी घेऊन. तुम्ही टेबलाच्या पलीकडे, तुमचे साहाय्यक शेजारी, आलेखराव भिंतीशी. त्याने लाल रेघा दाखवल्या. बाईंनी खुलासा वाचला नाही. आमची डबी तुमच्यापुढे ठेवली. "साहेब, तीन मिनिटं ऐकता का?"

तुम्ही वायर कानात घातलीत. आठवतंय ना? दीड मिनिट झालं असेल. तुम्ही बटण दाबलंत. उठलात. गोल फिरलात आणि पाण्याच्या मशीनकडे बोट केलंत. साहाय्यक म्हणाले, "नाही साहेब, उत्तर दाराकडे." तुम्ही म्हणालात, "अहो, सूर्य सकाळी माझ्या पाठीवर येतो." दोघेही खिडकीशी गेलात. काही क्षण त्या खोलीत कुणी साहेब नव्हतं. बाईंच्या चेहऱ्यावर तो वर्गातला गप्पपणा आला. त्या थांबून राहिल्या.

तुम्ही परत बसल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "साहेब, आत्ता तुम्ही माझा पाठ सोडून दिलात. तुमच्या नावावर एक लाल रेघ पडली."

आलेखरावाने लॅपटॉप मिटला. साहाय्यकांना खोकला आला. मग मी भाचीची डबी पुढे केली आणि तुम्ही कान लावलात. तुमचा चेहरा मी बघत होतो. तुम्हाला धक्का बसला नाही. एवढंच मला बघायचं होतं.

"तांत्रिक बाब आहे," म्हणालात. "तपासून कळवू."

परवा कळवलंत. बाई एक तारखेपासून भांडारात. त्या सहीमुळे पाठांवर हक्क विभागाचा, आणि ते चाळीस शाळांत चालूच राहणार. तांत्रिक बाबीबद्दल चकार शब्द नाही.

मला यंत्रातलं कळत नाही असं तुम्ही धरून चालता, तर माणसातलं विचारतो. 'डबी थांबवा' हे शब्द कापायचे तर कुणाला तरी ते आधी ऐकावे लागले. एकेक पाठ कान देऊन. म्हणजे मुलं का थांबतात हे तुमच्याकडे कुणाला तरी पाच महिन्यांपूर्वीच ठाऊक होतं. तरी रकान्यावर 'सोडून दिले' लिहिलं गेलं, आणि त्या रकान्यावर बाईंचा वर्ग गेला. पाठ टाकाऊ होते तर चाळीस शाळांत का वाजतायत? चांगले होते तर बाई झुरळांत का?

बाईंनी मला हे लिहू नका म्हणून सांगितलं. त्यांना पेन्शनची काळजी आहे, मला माझ्या नोकरीची नाही. तेव्हा गोलगोल पत्रं पाठवू नका. ते शब्द कुणी ऐकले, कुणाच्या सांगण्यावरून कापले, आणि सुनावणीच्या दिवशी ते तुम्हाला माहीत होतं की नव्हतं? एक तारखेच्या आत, तुमच्या सहीने, लेखी सांगा.